चीफसाहेबांचे कडवे

विल्मट पेंगेली यांच्याकडे पदक एकच होते, आणि ते छातीवर लावायची संधी वर्षातून एकाच संध्याकाळी यायची.

पदक लढाईचे नव्हते. युवराज आणि त्यांच्या पत्नी ‘ऑरेलिया’ जहाजातून आठ महिने साम्राज्याच्या दौऱ्यावर गेले होते, त्याची आठवण म्हणून परतल्यावर जहाजावरच्या प्रत्येकाला ते देण्यात आले. अधिकाऱ्यांना चांदीचे, बाकीच्यांना ब्राँझचे. एका बाजूला दांपत्याचे चेहरे, दुसऱ्या बाजूला जहाज, कडेवर बारीक अक्षरांत मालकाचे नाव. लढून मिळवलेले नसल्यामुळे गणवेशावर लावायला बंदी. त्याला कडी नव्हती, फीत नव्हती. मखमली डबीत ठेवून द्यायचे आणि पाहुणे आले की उघडून दाखवायचे, एवढीच अपेक्षा. एकतीस अधिकाऱ्यांना हे पटले नाही. त्यांनी पोर्ट्समथच्या एका सोनाराकडून कड्या डाकवून घेतल्या, पांढऱ्या काठाची निळी फीत आपसात ठरवली आणि शहराच्याच साउथसी भागातल्या बेलव्ह्यू हॉटेलात दरवर्षी जेवण ठेवले. जहाज ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी परतले होते, म्हणून तोच शनिवार. त्या जेवणाला साध्या कोटावर पदक लावून यायचे. हॉटेलातले नोकर त्याला चांदीवाल्यांचे जेवण म्हणत.

पेंगेली ‘ऑरेलिया’चे मुख्य इंजिनियर होते. बाप कॉर्नवॉलमधल्या कथलाच्या खाणीत पंप चालवायचा. आरमारात इंजिनियरच्या बाहीवर सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये जांभळी पट्टी असे, म्हणजे लांबूनच कळावे की हा माणूस जहाज हाकणाऱ्यांपैकी नाही, जहाज चालवणाऱ्यांपैकी आहे. पहिली दहाएक वर्षे ते टेबलाच्या अगदी टोकाला, जहाजाच्या हिशेबनिसाशेजारी बसत. पुढे वरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या आणि तेही वर सरकत गेले.

जेवणात दौऱ्याच्या गप्पा चालत. सिडनीची रोषणाई, केपटाउनचा डोंगर, कोलंबोच्या हत्तींची मिरवणूक. पेंगेलींनी यातले काहीच पाहिले नव्हते. जहाज बंदरात शिरते आणि बंदरातून निघते तेव्हा मुख्य इंजिनियरला खालीच असावे लागते, आणि जहाज बंदरात उभे असते तेव्हा बिघडलेले सगळे दुरुस्त करून घ्यायचे असते. वर तोफांची सलामी झाली की खाली पत्रा थरथरायचा, तेवढ्यावरून समजायचे की युवराज उतरले. सिडनी म्हटले की त्यांना उजव्या इंजिनाचे तापलेले बेअरिंग आठवायचे.

इंजिनांच्या त्या खोलीने त्यांचे कान नेले. १९०९ साली बहिरेपणामुळे त्यांना कमांडरचा हुद्दा देऊन निवृत्त केले. १९१४ ला युद्ध लागल्यावर ते स्वतः गोदीत जाऊन उभे राहिले. समोरचा तरुण अधिकारी नम्रपणे काहीतरी म्हणाला, ते त्यांना ऐकू आले नाही, आणि त्यातच त्याला हवे ते उत्तर मिळाले. पत्नी लिडिया त्याआधीच, दौऱ्यावरून परतल्याच्या दुसऱ्या वर्षी गेली होती. मूलबाळ नव्हते. साउथसीच्या एका गल्लीत भाड्याचे घर आणि घर सांभाळायला मिसेस ड्यूडनी.

१९३३ च्या ऑक्टोबरात चांदीवाले दोनच उरले होते. पेंगेली आणि कॅप्टन लायनेल फॉस्किट.

फॉस्किटना भरघोस दाढी होती. आरमारात ठेवायची तर पूर्ण दाढी-मिशी, नाहीतर काहीच नाही, असा दंडक आहे. फॉस्किटनी पूर्ण ठेवली होती. पेंगेली ओठांवरून बोलणे वाचत, आणि फॉस्किटचे ओठ गेल्या तीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. दाढी हलायची थांबली की मान डोलवायची, असा पेंगेलींचा प्रघात होता. यावर दोघांची चांगली ओळख टिकून होती.

त्या संध्याकाळी हॉटेलाने बारा माणसांच्या टेबलावर दोन पाने मांडली. सूप आले. दाढी हलली, थांबली. पेंगेलींनी मान डोलवली. पुन्हा हलली, पुन्हा डोलवली. मग फॉस्किटनी चमचा ठेवला, खिशातून पेन्सिल काढली आणि पदार्थांच्या यादीमागे लिहिले : ‘चेल्टनम. मुलीकडे. कायमचा. म्हणजे हे शेवटचे. तुम्ही दोनदा हो म्हणालात, तेव्हा हरकत नाही ना?’

“हरकत नाही!” पेंगेली म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज. वेटरच्या हातातली बशी खणखणली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मी चेल्टनमला येऊ शकेन. गाडीने चार तास लागतात.”

फॉस्किटनी लिहिले : ‘कशाला?’ हे जरा तुसडे झाले असे वाटून त्यांनी खाली भर घातली : ‘तिथे समुद्र नाही.’

राजाच्या नावाने पेले उचलले, आरमाराच्या रीतीप्रमाणे बसूनच. दारात हस्तांदोलन झाले. फॉस्किट काहीतरी बरेच बोलले. पेंगेलींनी मान डोलवली.

जेवणाचे त्यांना अप्रूप नव्हते. बेलव्ह्यूचे मटण कायम वातड असे. पण यादीत नाव आहे म्हणून कोणीतरी आपल्यासाठी पान मांडते, असा वर्षातला तो एकच दिवस होता. जुलै उजाडला की ते निळी फीत इस्त्रीला काढत. आता वर्षात इस्त्री करण्यासारखे काही राहिले नव्हते. १९३४ चा जुलै आला आणि गेला. ऑगस्टमध्ये त्यांच्या लक्षात आले की मिसेस ड्यूडनी आणि दूधवाला सोडून आपण सात आठवड्यांत कोणाशी बोललेलो नाही. दूधवाल्याशी बोलायचे कारण नव्हते. तेही त्यांनीच काढले होते.

सप्टेंबरात ट्रिबेक आला.

एनॉक ट्रिबेक हा ‘ऑरेलिया’वरच्या आगवाल्यांचा, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढणाऱ्यांचा मुकादम. आता पोर्ट्समथच्याच लँडपोर्ट भागात भाजीचे दुकान चालवायचा. ब्राँझवाल्यांचे चहापान त्याच शनिवारी दुपारी तिथल्याच एका चर्चच्या सभागृहात असे आणि दरवर्षी ट्रिबेक त्याचे आमंत्रण घेऊन यायचा. पेंगेली कधी गेले नव्हते. संध्याकाळचे जेवण असायचे, आणि शिवाय चांदीवाल्याने ब्राँझवाल्यांत जाऊन बसायची रीत नव्हती. आमंत्रण द्यायचे ही ट्रिबेकची रीत, नाही म्हणायचे ही पेंगेलींची.

“आलाय तुमचा कोबीवाला,” मिसेस ड्यूडनी त्यांच्यासमोर येऊन, ओठ मोठे हलवत म्हणाल्या. “मागच्या दारी उभा आहे. पुढून ये म्हटलं तर म्हणतो, पुढचं दार अधिकाऱ्यांचं. आणि मागचं काय, माझ्या बापाचं?”

ट्रिबेक टोपी हातात घेऊन उभा होता. तो पेंगेलींशी कधी आवाज काढून बोलत नसे. बॉयलरपाशी ओरडून उपयोग नसतो. तिथले लोक नुसते ओठ हलवून बोलतात, आणि चाळीस हातांवरचा माणूस ते बरोबर वाचतो. त्यामुळे अख्ख्या पोर्ट्समथमध्ये ज्याचा शब्द न् शब्द पेंगेलींना कळे, असा हा एकच माणूस होता.

“यंदा मोकळे असाल, चीफसाहेब,” ट्रिबेक ओठांनी म्हणाला.

“कोणी सांगितलं?”

“बेलव्ह्यूच्या वेटरची बायको माझ्याकडनं बटाटे नेते.” त्याने टोपी फिरवली. “तर मग, येताय का चहाला?”

“किती वाजता?”

ट्रिबेकचे ओठ उघडे राहिले.  मग दचकल्यासारखा तो चक्क आवाज काढून म्हणाला, “तीन!”

तो गेल्यावर मिसेस ड्यूडनी म्हणाल्या, “साहेब, तो बिचारा विचारायचं म्हणून विचारत होता.”

“मला कळतं ते.”

“मग?”

“मला जायचंय.”

शनिवारी त्यांनी पदक लावले आणि वरून ओव्हरकोट चढवला. तो सभागृहाच्या आतच काढायचा, असे ठरवून निघाले. बसमध्ये दोनदा त्यांना वाटले, परतावे.

दार उघडले तेव्हा आत साठएक माणसे होती. आगवाले, तेलवाले, त्यांच्या बायका, सुना, नातवंडे. लांब टेबलांवर हॅमचे सँडविच, उकडलेल्या शिंपल्यांची पातेली आणि बिअरच्या बाटल्या. पेंगेलींना पायाखालची फरशी थरथरलेली जाणवली. सगळ्यांनी एकदम खुर्च्या मागे सारल्या होत्या. सगळे उभे होते.

“बसा, बसा,” ते म्हणाले.

कोणी बसले नाही. आधी त्यांना बसवण्यात आले, टेबलाच्या टोकाला, हातांच्या खुर्चीत, दोन्हीकडे एकेक जागा मोकळी ठेवून. बाकीच्यांपुढे जाड मग होते, त्यांच्यापुढे चिनीमातीचा कप आला; मिसेस ट्रिबेक तो बशीसकट दोन्ही हातांनी धरून चालत आली. साठ माणसे त्यांना चहा पिताना पाहत होती. ते प्यायले. बरा आहे म्हणाले. सगळ्यांना हायसे वाटले.

“कमांडरसाहेब,” पलीकडची एक जाडजूड बाई म्हणाली. ती मिसेस गॅमन, सिड गॅमन नावाच्या आगवाल्याची बायको. तिचे ओठ वाचायला सोपे होते. सगळेच बहिरे आहेत अशी ती बोलायची. “सिडनीचं बंदर कसं दिसतं हो? आमचे हे तीस वर्षं सांगतायत, म्हणे स्वर्ग!”

“मी पाहिलं नाही. मी खाली होतो.”

“म्हणजे? तुम्हीसुद्धा?”

“आणि तुमचा नवराही खालीच होता, बाई. तीन नंबरच्या बॉयलरपाशी. स्वर्ग नव्हता तो.”

 मग मिसेस गॅमनने नवऱ्याच्या दंडावर असा फटका मारला की त्याच्या मगातली बिअर सांडली. “तीस वर्षं!” ती ओरडत होती. “मला डोंगर सांगत होता, दिवे सांगत होता! चित्रं बघितलीस रे तू, लबाडा, पोस्टकार्डावरची!” साऱ्या टेबलावर माणसे हसून वाकली. कोणीतरी विचारले, उजव्या इंजिनाचं ते बेअरिंग आठवतं का. पेंगेलींनी ते किती अंशांवर गेले होते ते सांगितले, दोघातिघांनी नाही, चार अंश जास्तच होते, म्हणून हुज्जत घातली, आणि ते हरले. समोरच्याने टाचणीने शिंपल्यांतला गर कसा काढायचा ते दाखवले. ते त्यांना येत होते, तरी त्यांनी दाखवू दिले. आपण दरवर्षी येऊ शकू, असे त्यांना वाटले. ही वीस मिनिटे त्यांनी पुढे पुष्कळदा आठवली.

साडेचारच्या सुमारास गप्पा मंदावल्या. माणसे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागली. कोणीतरी पियानोचे झाकण उघडले. ट्रिबेकने ते पुन्हा लावले. मग ट्रिबेकने पियानोपाशी उभ्या उभ्या दूर दाराजवळच्या सिड गॅमनकडे पाहिले आणि दोघे ओठांनी बोलू लागले. बॉयलरपाशी या बोलीत ते साहेबांना, देवाला आणि राजालाही शिव्या देत आले होते, वरच्या कोणाला कधी काही कळले नव्हते. सवयीचा भाग. खुर्चीतला पाहुणा त्यांच्यापेक्षा जास्त वर्षे खाली होता, हे दोघांच्याही, त्यांच्याशी एरवी ओठांनीच बोलणाऱ्या ट्रिबेकच्याही, त्या घाईत डोक्यात आले नाही.

“आता रे?” गॅमन.

“दुसरं काहीतरी म्हणू.”

“दुसरं कोण ऐकणार? सगळे तेवढ्यासाठीच येतात.”

“मग ते कडवं गाळू.”

“चीफचं कडवं गाळलं तर राहतं काय डोंबल? सगळं गाणं त्या कडव्यासाठीच तर आहे.”

“मग थांबू. जाईल थोड्या वेळानं.”

“म्हाताऱ्या पर्किसला न्यायला पाचला गाडी येतेय. डॉक्टरनं एवढ्यासाठी सोडलाय त्याला. त्यानंच रचलेलं गाणं, पुढच्या वर्षी असेल का तो?”

“मी काय करू? बोलावत होतो रीतीनं, मला काय ठाऊक येईल म्हणून!”

पेंगेलींनी कप खाली ठेवला.

आपले कडवे कोणत्या प्रसंगावर असेल, हे त्यांना लगेच कळले. हिंदी महासागरात एका पहाटे नळ फुटला आणि युवराजांच्या अंघोळीच्या टबात काजळीचे काळे पाणी आले. वर बोंब होण्याआधी पेंगेली स्वतः गरम पाण्याच्या दोन बादल्या घेऊन चार जिने चढले. तेलकट कपडे, अनवाणी. वरच्या गालिचावर एका हुजऱ्याने त्यांना अडवले, बादल्या ठेवून घेतल्या आणि त्यांना हाकलले. खाली येऊन पाहतात तो गालिचावरची आपली काळी पावले पुसायची राहिली, म्हणून पुन्हा चार जिने चढले, फडके घेऊन. चांदीवाल्यांच्या जेवणात त्यांनी हे कधी सांगितले नव्हते. इथे तीस वर्षे ते पियानोवर गायले जात होते.

म्हणा, माझी हरकत नाही, असे सांगता आले असते. पण या माणसांना ते ओळखून होते. साहेबांनी परवानगी दिली म्हटल्यावर ती उभी राहून गातील, शिव्या गाळतील, आणि प्रत्येक ओळीला खुर्चीकडे बघतील. पाच वाजायला अठरा मिनिटे होती.

ते उठले. साठ माणसे उठली.

“मला एके ठिकाणी जेवायला जायचंय,” ते म्हणाले.

ट्रिबेकने ओव्हरकोट आणला. “बेलव्ह्यू?” त्याने ओठांनी विचारले.

“हो.”

बेलव्ह्यूचे जेवण बंद झाले हे बटाट्यांच्या वाटेने ज्याला कळले होते, त्या ट्रिबेकने कोट धरला.

दाराशी पर्किस होता, चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. पेंगेलींनी हात पुढे केला. पर्किसने तो धरून ठेवला आणि ट्रिबेककडे पाहून विचारले, “हा कोण?”

“चीफसाहेब आहेत, बाबा.”

“चीफ?” पर्किसचे डोळे मोठे झाले. “गाण्यातला?”

 मिसेस ट्रिबेकने पदर तोंडाशी न्यावा तसा एप्रन तोंडाशी नेला.

“हो,” पेंगेली म्हणाले. “तोच.”

“जिवंत आहे की,” पर्किस ट्रिबेकला म्हणाला.

बाहेर येऊन ते रस्ता ओलांडणार होते, पण थांबले. काचांवर आतून वाफ धरली होती. काही दिसत नव्हते. त्यांनी हातमोजा काढला आणि तळहात सभागृहाच्या लाकडी दारावर टेकवला. थोड्या वेळाने दारातून ठेका येऊ लागला, साठ माणसांच्या बुटांचा. एक कडवे, दुसरे, तिसरे. मग ठेका थांबला, बहुधा कोणीतरी एकटा गात असावा. मग दार असे हादरले की तळहाताला झिणझिण्या आल्या. ते आपले कडवे असावे, असा त्यांनी अंदाज केला. बस आली तेव्हा ते हातमोजा घालत होते.

पुढच्या सप्टेंबरात ट्रिबेक पुढच्या दाराने आला. मिसेस ड्यूडनींना ते इतके अनपेक्षित होते की त्या त्याला ‘या बसा’ म्हणून गेल्या.

“यंदा नक्की यायचं, चीफसाहेब,” ट्रिबेक ओठांनी म्हणाला. या वेळी तो विचारायचे म्हणून विचारत नव्हता. “पर्किस गेला फेब्रुवारीत. आम्ही बोललो सगळे. गाण्याचं काय, ते नंतरही म्हणता येईल. कधीही म्हणता येईल.”

“यंदा नाही जमणार,” पेंगेली म्हणाले. “त्या शनिवारी गॉस्पोर्टला जायचंय.”

ट्रिबेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. “पुढल्या वर्षी?”

“तिकडेच असतं दरवर्षी. आता ठरूनच गेलंय.”

हे मिसेस ड्यूडनींनी ऐकले असल्यामुळे शनिवारी घरी बसायची सोय राहिली नाही. “गॉस्पोर्टला कोण आहे तुमचं?” त्यांनी कोटाला ब्रश मारत विचारले. “नऊ वर्षांत मी नाव ऐकलं नाही.”

“आहेत एक.”

अडीचला ते बंदर ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बसले. सात मिनिटांत गॉस्पोर्ट आले. उतरून धक्क्यावरच्या बाकावर बसले. समोर, पाण्यापलीकडे, ते ज्या शहरातून आले ते शहर होते. तीन वाजले, तेव्हा लँडपोर्टात खुर्च्या लागत असतील. वारा फार होता म्हणून ते पोर्ट्समथला परतले, आणि घरी जायला फार लवकर होते म्हणून पुन्हा गॉस्पोर्टला गेले. तिसऱ्या खेपेला तिकीटवाला म्हणाला, “काही विसरलं का साहेब त्या बाजूला?”

“नाही,” पेंगेली म्हणाले.

पावणेपाचपर्यंत ते बोटीच्या मागच्या बाजूला, इंजिनाच्या वर बसून राहिले. इंजिन नीट चालले होते.

सहाला घरी पोचले. मिसेस ड्यूडनींनी त्यांच्या हातातली टोपी घेतली, खाऱ्या पाण्याने ओला झालेला कोट पाहिला, आणि समोर उभ्या राहून, ओठ सावकाश हलवत विचारले, “कसे आहेत तुमचे गॉस्पोर्टचे?”

“बरे आहेत,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षीही बोलावलंय.”